तळ्यात की मळ्यात: बदलायचंही असतं आणि नसतंही, तेव्हा बोलावं कसं

माझ्या वडिलांचा शेवेचा डबा मी दोन वर्षं लपवत होते. कधी पिठाच्या डब्यामागे, कधी देवघराखालच्या कपाटात. बाबांना मधुमेह आहे, जोडीला रक्तदाब. इंदूरच्या घरात शेव म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ती पोह्यांवर लागते, वरणभातावर लागते, उसळीवर लागते, आणि काहीच नसलं तर नुसती मूठभर लागते. मी डबा लपवला की बाबा एका शब्दाने बोलत नसत. सकाळी लालबागेत फिरायला म्हणून निघत आणि येताना कोपऱ्यावरच्या गाड्यावर पोहे खाऊन येत. वर दुप्पट शेव, जीरावन मसाला आणि दोन जिलब्या. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर आधीपेक्षा वाढलेली होती.

मी समुपदेशनाचं काम करते. तंबाखू आणि दारू सोडू पाहणाऱ्या माणसांशी बोलणं हाच माझा दिवस असतो. जे करू नये म्हणून मी शिकले होते, नेमकं तेच मी घरी दोन वर्षं करत होते. बोलण्याच्या ज्या पद्धतीने मला पुढे वाट सापडली तिच्याविषयी मराठीत सोप्या भाषेत फार कमी वाचायला मिळतं, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे अशा माणसाबद्दल एक वाक्य तयार असतं: कळतं पण वळत नाही. मी स्वतः ते शेकडो वेळा म्हटलंय. आता ते मला अपुरं वाटतं. बाबांना साखरेचं सगळं कळत होतं. डोळ्यांवर, मूत्रपिंडांवर, पायांच्या नसांवर काय होतं ते त्यांनी मलाच वाचून दाखवलं होतं. पण त्यांना दुसरंही काही कळत होतं: फिरून आल्यावर मित्रांबरोबर गरम पोह्यांची बशी हातात घेण्यात काय आहे ते. कळणं दोन्ही बाजूंचं होतं. म्हणून पाय एका बाजूला पडत नव्हता.

लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळायचो. ज्याच्यावर राज्य तो ओरडणार आणि बाकीचे रेषेच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारणार. मोठ्या माणसाच्या मनात हा खेळ वर्षानुवर्षं चालू राहू शकतो. सकाळी तळ्यात, संध्याकाळी मळ्यात. ‘आजपासून बंद’ हेही खरं आणि ‘आजचा दिवस असू दे’ हेही तितकंच खरं. मानसशास्त्रात याला द्विधा अवस्था म्हणतात, आणि तिच्याविषयी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी: हा आळस नाही, खोटेपणा नाही, दुबळेपणाही नाही. बदलाच्या वाटेवरचं हे एक नेहमीचं ठाणं आहे. जो माणूस द्विधेत आहे त्याने बदलाचा विचार सुरू केलेला असतो. २०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूविषयक सर्वेक्षणात १५ वर्षांवरचे २८.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचं दिसलं. चघळायची तंबाखू घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की आपण ती सोडण्याचा विचार करतोय. म्हणजे पानाच्या टपरीसमोर उभ्या असलेल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात आधीच वाद चालू आहे.

प्रश्न एवढाच, की त्या वादात आपण बाहेरून शिरलो तर काय होतं?

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका दुकानदाराचं उदाहरण घेते. हा कुणी एक खरा माणूस नाही. अनेकांच्या बोलण्यातून मी त्याला उभा केलाय. त्याला महेश म्हणू. वय ३८, दिवसाला आठ-दहा पुड्या, सुपारी आणि तंबाखू एकत्र. त्याच्याशी साधारणपणे कुणीही कसं बोलतं?

‘तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, माहीत आहे ना?’

‘माहीत आहे ताई. पण माझ्या आजोबांनी सारी उमर खाल्ली, त्यांना काही झालं नाही.’

‘सगळ्यांचं नशीब तसं नसतं. मुलांकडे तरी बघा.’

‘मुलांसाठीच तर राबतो. दिवसभर हिशोब, गिऱ्हाईक. पुडीशिवाय डोकं चालत नाही.’

‘बडीशेप ठेवा तोंडात.’

‘करून पाहिलं. नाही जमत.’

आता यात कोण काय बोललं ते बघा. सोडण्याच्या बाजूने जे काही होतं ते सगळं मी बोलले. न सोडण्याच्या बाजूने जे होतं ते सगळं त्याने बोललं. त्याच्या मनात दोन्ही बाजू होत्या. त्यातली एक मी उचलून घेतली, मग त्याच्यासाठी दुसरीच उरली. तराजूच्या एका पारड्यावर आपण बसलो की समोरचा तोल सांभाळायला दुसऱ्यावर जाऊन बसतो. तो हट्टी म्हणून नाही. आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस तेच घट्ट धरतो. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे सविस्तर मांडलं होतं.

याहून मोठी गोष्ट पुढची आहे. माणूस जे स्वतःच्या तोंडून बोलतो ते त्याला स्वतःलाच पटत जातं. मी महेशकडून ‘पुडीशिवाय डोकं चालत नाही’ हे तीनदा वदवून घेतलं, तर तो माझ्या खोलीतून जाताना येतानापेक्षा पुडीच्या जास्त जवळ गेलेला असतो. बाबांचंही हेच झालं. दोन वर्षं मी त्यांच्याकडून शेवेची वकिली करवून घेत होते.

समोरच्याचं चुकतंय दिसलं की ते लगेच सरळ करावंसं वाटतं. ही ऊर्मी प्रेमातून येते, काळजीतून येते. आपल्या घरांमध्ये तर ती कर्तव्य मानली जाते: ‘आम्ही तुझ्या भल्यासाठीच सांगतो ना.’ या ऊर्मीला थोपवून धरणं, ही त्या पद्धतीची पहिली पायरी आहे. मला विचाराल तर सगळ्यात अवघडही तीच.

पद्धतीचं इंग्रजी नाव मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. मराठीत कुणी ‘प्रेरक मुलाखत’ म्हणतं. मुलाखत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला नोकरीची खुर्ची आठवते, टेबलापलीकडे बसलेले तीन साहेब आठवतात. आम्ही इंदूरची माणसं अर्धा दिवस हिंदीत जगतो. आमच्या कानाला मुलाक़ात म्हणजे नुसती भेट. मला हा हिंदी अर्थच या पद्धतीच्या जास्त जवळचा वाटतो. यात कुणी कुणाची परीक्षा घेत नाही.

ती निघाली तिकडे नॉर्वेत. विल्यम मिलर हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. दारूच्या व्यसनावर त्यांचं काम. १९८२ मध्ये ते बर्गन शहराजवळच्या एका व्यसनमुक्ती रुग्णालयात काही महिने होते आणि तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांना शिकवत होते. ती मुलं रुग्णाची भूमिका करायची आणि मिलर यांना मध्येच अडवायची: तुम्ही आत्ता हाच प्रश्न का विचारलात? त्याच्या बोलण्यातलं हेच वाक्य का उचललंत, ते का सोडलंत? उत्तरं देता देता मिलर यांच्या लक्षात आलं की आपण काही अलिखित नियम पाळतोय. ते त्यांनी लिहून काढले आणि १९८३ मध्ये लेख छापून आला. पुढे १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांची गाठ स्टीफन रोलनिक यांच्याशी पडली. रोलनिक मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, काम वेल्समधल्या कार्डिफमध्ये. त्यांच्याकडे ब्रिटनमध्ये लोक ती पद्धत आधीच वापरू लागले होते. १९९१ मध्ये दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं. त्याची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सुरुवात दारूपासून झाली, पण आज मधुमेह, वजन, तंबाखू, औषधं वेळेवर घेणं, दातांची निगा अशा कितीतरी ठिकाणी ती वापरली जाते.

त्या काळी अमेरिकेत व्यसनी माणसाला खडसावणं हाच उपचार समजला जाई: तू नाकारतोयस, आधी कबूल कर. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की सल्लागाराने पिणाऱ्याला जितकं जास्त खडसावलं, तितका तो माणूस वर्षभरानंतर जास्त पीत होता. हे वाचलं तेव्हा मला घरचा डबा आठवला.

आता महेशशी दुसऱ्या तऱ्हेने बोलू.

‘पुडीचं तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’

‘काय वाटणार ताई. बायको म्हणते सोडा. पण गादीवर बसलो की हात आपोआप खिशात जातो.’

‘गादी आणि पुडी जोडीनेच आलेत.’

‘हो ना. वडील गेले, मी दुकानात बसलो, तेव्हापासून. पंधरा वर्षं झाली.’ मग थोडा थांबून, ‘आता मला तिखट सोसत नाही. जीभ चुरचुरते. मिरचीचं लोणचं खाऊन किती दिवस झाले.’

‘तिखट खाणारे तुम्ही, आणि ते सुख गेलं.’

‘तेवढंच नाही. तोंड पहिल्यासारखं उघडत नाही. पाणीपुरी अख्खी जात नाही. मागच्या महिन्यात रात्री सराफ्यात खायला गेलो होतो, तर मुलगी म्हणाली, बाबा तुम्ही फोडून का खाता?’

‘काय सांगितलंत तिला?’

‘काहीच नाही.’ बराच वेळ गप्प. ‘खोटं बोलता नाही आलं.’

मी यात कॅन्सरचा ‘क’ काढलेला नाही. मुलांकडे बघा म्हटलं नाही. मुलगी त्याने स्वतःच आणली. आणि तो सराफ्यातल्या पाणीपुरीपाशी येऊन थांबला, जिथे मी माझ्या कुठल्याही माहितीपत्रकाने त्याला नेऊ शकले नसते.

इथे मी केलं काय? पहिला प्रश्न मोकळा होता, हो-नाहीत उत्तर देता न येणारा. त्यानंतर बरेचसे प्रश्न नव्हतेच. ‘गादी आणि पुडी जोडीनेच आलेत’ हे त्याचंच म्हणणं मी त्याला परत दिलं, पण पोपटासारखं नाही. त्याने न बोललेलं अर्धं पाऊल त्यात जोडलं. माझा अंदाज चुकला असता तर त्याने दुरुस्त केला असता आणि तरीही बोलणं पुढेच गेलं असतं. ही ऐकून परत देण्याची कला या पद्धतीचा कणा आहे. तिचं मूळ कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे: समोरच्याला न तोलता समजून घेणं. रॉजर्स यांच्यापेक्षा मिलर-रोलनिक एका बाबतीत वेगळे आहेत. ते ऐकताना निवड करतात. महेश दहा गोष्टी बोलेल. त्यातल्या ज्या बदलाच्या दिशेने झुकलेल्या आहेत, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं, त्यांच्याविषयी आणखी विचारायचं.

मराठीत हे करताना दोन शब्द सांभाळावे लागतात. एक ‘पण’. ‘तुम्हाला सोडायची आहे, पण दुकानात जमत नाही’ असं मी म्हटलं, तर ‘पण’च्या आधीचं सगळं पुसलं जातं आणि तो दुकानातल्या अडचणींवर बोलत राहतो. म्हणून मी ‘आणि’ वापरते, आणि बदलाची बाजू शेवटी ठेवते: ‘दुकानात पुडीचा आधार वाटतो, आणि मुलीसमोर ती फोडलेली पाणीपुरी सलते.’ माणूस शेवटच्या तुकड्यावरून पुढे बोलू लागतो. दुसरा शब्द ‘का’. ‘का खाता?’ हा प्रश्न आपल्या भाषेत शाळेतल्या बाकावरूनच आरोप होऊन आलेला आहे. त्याला उत्तर म्हणून समर्थनच येतं.

पण हाच ‘का’ उलट्या बाजूला लावला की फार मोलाचा ठरतो. ते पुढे सांगते.

बदलाची भाषा ओळखायची कशी?

इंग्रजी पुस्तकात तिचे प्रकार दिलेले आहेत. ते मराठीतून वाचताना माझ्या लक्षात आलं, की आपल्या भाषेत ते क्रियापदाच्या शेपटातच बसलेले आहेत. ‘सोडायचीय’ ही इच्छा. ‘सोडता येईल’, ‘सोडू शकेन’ ही क्षमता. ‘सोडली तर तिखट खाता येईल’ हे कारण. ‘सोडायलाच हवी’ ही गरज. हे चारही तयारीचे सूर आहेत. माणूस चढाच्या अलीकडे आहे. मग एक वेळ अशी येते की शेपूट बदलतं. ‘सोडणार’, ‘सोडतो’, ‘सोमवारपासून बंद’. हे बांधिलकीचं बोलणं. आणि कधीकधी तो सहज बोलून जातो, ‘काल दुपारची नाही खाल्ली.’ हे तर पाऊलच पडलेलं असतं, आणि घरच्यांच्या कानावरून ते नेमकं निसटतं, कारण ते म्हणतात, ‘एकच ना? बाकीच्या नऊ?’

याच्या उलट जैसे थेची भाषा: ‘नाही जमत’, ‘काय फरक पडतो’, ‘सगळेच खातात’. ती आली म्हणजे काही बिघडलं असं समजू नये. द्विधेतल्या माणसाकडून ती येणारच. तिच्याशी भांडायचं नाही, तिला खतपाणीही घालायचं नाही.

या दोन्हींच्या मध्ये आपलं सगळ्यांचं लाडकं ‘बघतो’ आहे. ‘बघू’, ‘प्रयत्न करतो’, ‘जमेल तसं’. इंदुरी मराठीत ‘देखते हैं’ म्हणून येतं तेही. पॉल अम्राइन या भाषेच्या अभ्यासकाने मिलर यांच्याबरोबर २००३ मध्ये व्यसनी माणसांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांचा शब्दन्‌शब्द तपासून पाहिला. पुढे कोण टिकेल याचा अंदाज बांधिलकीच्या बोलण्याच्या जोरावरून लागत होता, आणि त्यातही तो जोर संभाषणाच्या शेवटाकडे वाढत जातो की गळून पडतो यावरून. म्हणून ‘बघतो’ ऐकून मी खूश होत नाही आणि चिडतही नाही. मला त्यातून एवढंच कळतं की अजून काहीतरी बोलायचं राहिलंय.

आता तो उलटा ‘का’. मी महेशला विचारते, ‘शून्य ते दहा असं धरलं, तर सोडणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं?’ तो म्हणतो, सात. ‘आणि ठरवलं तर जमेल, याची खात्री किती?’ तो म्हणतो, तीन.

इथे प्रत्येकाच्या ओठांवर येतं, ‘तीनच का? आठ का नाही?’ मग तो आठ न होण्याची पाच कारणं देईल. मी विचारते, ‘तीन का? शून्य का नाही?’

तो विचारात पडतो. मग म्हणतो, ‘नवरात्रात नऊ दिवस मी हात लावत नाही ना ताई.’

पंधरा वर्षांत, दर नवरात्रात, नऊ-नऊ दिवस. हे त्याने स्वतःही कधी हिशोबात धरलं नव्हतं. त्या प्रश्नाने त्याला शून्य आणि तीन यांच्यामध्ये काय आहे ते शोधायला लावलं. मग मला पुढचं विचारता येतं: त्या नऊ दिवसांत गादीवर बसल्यावर हात खिशात जातो तेव्हा काय करता? पहिले दोन दिवस कसे काढता? उत्तरं त्याच्याकडे तयार असतात. बडीशेपेचा माझा सल्ला त्यांच्यापुढे फिका आहे.

याचा अर्थ माहिती द्यायचीच नाही असा कुणी करून घेऊ नये. महेशची चुरचुरणारी जीभ आणि न उघडणारं तोंड हे मी ऐकून सोडून देऊ शकत नाही. फक्त द्यायची रीत वेगळी. आधी विचारायचं, मग थोडं सांगायचं, मग पुन्हा विचारायचं. ‘तोंड कमी उघडतं त्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?’ तो म्हणतो, तंबाखूमुळे असेल. ‘मला जे माहीत आहे ते सांगू का?’ तो हो म्हणतो. मग मी सांगते, की हे मुख्यतः सुपारीमुळे होतं. गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड आखडत जातं. तंबाखू वगळून नुसती सुपारी खाल्ली तरी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही. सुपारी थांबली तर पुढे वाढण्याचा धोका कमी होतो, आणि दाताच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घेत राहावं लागतं. एवढं सांगून मी थांबते. ‘हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?’ शेवटचा प्रश्न विसरला तर आधीचं सगळं पुन्हा भाषण होतं.

एक सावधगिरी. कागदाच्या मधोमध रेघ ओढून सोडण्याचे फायदे-तोटे लिहायला लावायचे, हा उपाय फार लोकप्रिय आहे, आणि मीही पूर्वी करायचे. मिलर आणि गॅरी रोज यांनी २०१५ मध्ये याविषयीचे अभ्यास एकत्र मांडले. ज्याचा निर्णय झालेला आहे त्याला अशा यादीने बळ येऊ शकतं, पण जो अजून द्विधेत आहे त्याची तयारी दोन्ही बाजू सारख्या घोळवल्याने उलट कमी होताना दिसली. विचार केला तर नवल नाही; तळ्यात-मळ्यात तो आधीच खेळतोय, आपण फक्त त्याला पुन्हा रेषेवर उभं केलं.

दोन्ही बाजू समान ठेवणं योग्य असतं ते वेगळ्या ठिकाणी: नात्यातल्या कुणाला मूत्रपिंड द्यायचं की नाही, दुसरं मूल हवं की नको, लग्न करायचं की नाही. तिथे कुठे झुकावं हे ठरवणारे आपण कोण? अशा वेळी ही कसबं वापरून कुणाला हळूच ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. ‘मुलीला पटवायचंय, तुमची ती पद्धत शिकवा’ असं म्हणत आई-वडील येतात, तेव्हा मी नाही म्हणते. पटवण्याची ही विद्या नाहीच. समोरच्याचा नकार खरोखर मान्य असेल, तरच ती हातात घ्यावी.

ती जादूही नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत १,७२६ लोकांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दारूच्या समस्येसाठी या पद्धतीवर बेतलेल्या चार भेटी, आणि दुसऱ्या दोन उपचारांच्या बारा-बारा भेटी. परिणाम साधारण सारखेच निघाले. चार भेटींत बारांच्या बरोबरीला येणं ही मोठी गोष्ट. पण नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब मांडला तर फायदा मध्यम किंवा लहान दिसतो, आणि कोण बोलतंय यावर फार अवलंबून असतो. बऱ्याच लोकांना तिचा उपयोग होत नाही. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं. त्याला आधी डॉक्टर लागतो, संभाषण नंतर.

घरी मी काय केलं ते सांगायचं राहिलं. एका रविवारी मी बाबांना विचारलं, ‘बाबा, सकाळच्या फिरण्यात आणि पोह्यांत तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?’ ते सावध झाले. साहजिक होतं, दोन वर्षांत माझ्या प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी रिपोर्ट असायचा. मी म्हटलं, ‘डबा लपवला ते चुकलं माझं. आता नाही लपवणार. खरंच विचारतेय.’ मग ते बोलू लागले. शेव फारशी आली नाही त्यात. चार जण होते लालबागेतले, वीस वर्षांपासूनचे. एक गेला. आणि एकाच्या पायाला जखम झाली, साखरेमुळे भरली नाही, अंगठा काढावा लागला. तो आता येत नाही. ‘त्याच्या घरी जाऊन आलो मी,’ बाबा म्हणाले. ‘खिडकीशी बसला होता.’ मी काही बोलले नाही. हे मला माहीतच नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘माझा पाय असा झाला, तर लालबाग संपली.’

मी दोन वर्षं त्यांना साखरेचे आकडे दाखवत होते. त्यांचं कारण पाय होतं.

‘मग काय करावंसं वाटतं?’ एवढंच मी विचारलं. त्यांनी त्या आठवड्यात स्वतः जाऊन पायांची तपासणी करून घेतली. बूट बदलले. पोहे त्यांनी सोडले नाहीत, रविवारवर आणले. बाकी दिवस घरून मूठभर फुटाणे खिशात. जिलबी कधी होते, कधी नाही. पुढच्या रिपोर्टात साखर खाली आली, डॉक्टरांना हवी तितकी नाही. डबा ओट्यावर असतो. मधल्या काळात तो मीच एकदा पुन्हा आत सरकवला होता, त्यांच्या हातात सलग तिसऱ्यांदा दिसला म्हणून. संध्याकाळी परत बाहेर ठेवला.

महेशबरोबरची शेवटची दहा मिनिटं. त्याचं शेपूट बदललं होतं. ‘सोडायचीय’चं ‘सोडतो’ झालं होतं. हे ऐकू आलं की आणखी कारणं काढत बसू नये, बेताकडे वळावं. त्याने सांगितलेलं सगळं मी एकत्र करून त्याच्यासमोर ठेवलं: तिखट, सराफा, मुलीचा प्रश्न, नवरात्राचे नऊ दिवस. मग विचारलं, ‘आता पुढे कसं?’ दाताच्या डॉक्टरांकडे जायचं त्याने कबूल केलं. गल्ल्यात पुडीची जागा लवंगेला द्यायची, नवरात्रात देतो तशी. तलब अनावर झाली तर सरकारच्या तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर त्याने मोबाइलमध्ये घातला. तो फुकट आहे. बायकोला सांगायचं की नाही, यावर तो अडला. मी आग्रह केला नाही. त्याने ठरवलं, पहिले नऊ दिवस नाही सांगायचं.

‘सुरुवात कधी करावीशी वाटते? मघाशी सोमवार म्हणालात.’

त्याने बोटं मोजली. ‘सोमवारी माल येतो ताई. हमालांशी दिवसभर डोकं फिरतं. मंगळवार धरा.’

मी वहीत मंगळवार लिहिला.